चाबीचा पाय, आपांचा डोळा

सरकारी कागदावर माझा हुद्दा 'व्रणोपचारक' असा होता. एकतीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द न अडखळता म्हणणारा माणूस मला एकच भेटला, आणि तो पोस्टमन होता. बाकी सगळ्यांचा मी ड्रेसर. खेड्यातल्या बाया तर 'डेसरमामा' म्हणायच्या. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर तपासतात, कापतात, शिवतात. त्याच्या आधी जनावर धरायचं आणि नंतर जखम धुवायची, पट्टी बांधायची, मालकाला चार गोष्टी समजावून सांगायच्या, ते सगळं ड्रेसरचं. डॉक्टरांच्या बदल्या होतात. ड्रेसर मात्र लोकांच्या लक्षात राहतो, कारण लाथा त्यानं खाल्लेल्या असतात.

दिवाळी अंकासाठी लिहायचं म्हटल्यावर घरच्यांना वाटलं, मी इस्लापूरच्या गाईची गोष्ट लिहिणार. तिला बिबट्यानं पंजा मारला होता आणि आम्ही कंदिलाच्या उजेडात एकवीस टाके घातले होते. पण ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की दर वेळी बिबट्या थोडा वाढतो. मागच्या लग्नात तर त्याचा वाघ झाला. तेव्हा ती नको. मी एका मांजरीची गोष्ट लिहितो.

खरं सांगायचं तर मांजर म्हटलं की माझा हात आखडायचा. पाच माणसांना न आवरणारा बैल मी दोरीनं अलगद आडवा पाडला आहे. मांजरीला हात लावायची वेळ आली की मात्र मी पट्ट्या गुंडाळायला आतल्या खोलीत जायचो. त्याला कारण होतं.

नोकरीची पहिली वर्षं किनवट तालुक्यात गेली. सागाच्या जंगलाला लागून दवाखाना, दोन खोल्या, आणि बाहेर खोडा, म्हणजे जनावर उभं जखडायची लाकडी चौकट. जवळच आश्रमशाळेतल्या मुलींचं वसतिगृह होतं. तिथं स्वयंपाकाला सीताबाई होत्या. एकदा त्या पदरात गुंडाळून पांढरी मांजरी घेऊन आल्या. मागच्या पायाला जखम, जखमेत किडे. डॉक्टर मीटिंगला गेलेले. बैलाच्या जखमेत किडे पडले की आम्ही एक उग्र वासाचं तेल लावायचो, दोन दिवसांत जखम स्वच्छ व्हायची. मी तेच लावलं. बाई उन्हातून चालत आल्या होत्या म्हणून जरा सढळ हातानंच लावलं आणि वरून पट्टी बांधली.

मांजर आंघोळ जिभेनं करतं. त्याच्या कातड्यावर आपण जे लावू ते संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात गेलं म्हणून समजायचं. हे मला डॉक्टरांनी सांगितलं, पण चौथ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी सीताबाई एकट्याच आल्या होत्या. हातात ती पट्टी होती, धुऊन, वाळवून, घडी घातलेली.

"सरकारी हाय, परत घ्या," म्हणाल्या.

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वसतिगृहातल्या पोरींनी मांजरीला सागाच्या पानांत गुंडाळून पुरलं, हे मला नंतर कळलं. ती पट्टी मी पुन्हा कुठल्या जनावराला बांधली नाही. बदली झाली की ती माझ्या ट्रंकेतून गावोगाव फिरली, आणि अजून आहे.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. निवृत्त होऊन मी नांदेडात राहतो. लातूरला असताना शुभांगी नावाची एक शिकाऊ पोरगी आमच्याकडे आली होती. गाईच्या मागं उभी राहिली म्हणून मी तिच्यावर चांगला ओरडलो होतो. आता ती डॉक्टरीण आहे आणि नांदेडात तिचा कुत्र्या-मांजरांचा स्वतःचा दवाखाना आहे. तिचा फोन आला.

"मामा, एक पेशंट हाय. पायाचं छोटं ऑपरेशन केलंय, चार टाके. आता घरी दहा दिवस बघायला माणूस पाहिजे. मालकिणीला दिसत न्हाई."

"पेशंट कोण?"

"मांजरी. पण न्हाई म्हणू नका."

मी नाही म्हणणारच होतो. पण मालकिणीला दिसत नाही हे ऐकून जीभ रेटली नाही.

नदीच्या बाजूच्या जुन्या मोहल्ल्यात एका गल्लीच्या टोकाला जुलेखा आपांचं घर होतं. आपा सत्तरीच्या. तरुणपणी शिलाईचं काम करायच्या. त्यांचे मालक हबीबभाई घड्याळं दुरुस्त करायचे. ते दीड वर्षापूर्वी छातीच्या दुखण्यानं गेले. दुकान बंद झालं तसा दुकानातला माल घरी आला, आणि माल म्हणजे लोकांनी दुरुस्तीला टाकून कधीच परत न नेलेली घड्याळं. भिंतीवर सतरा-अठरा तरी असतील. त्यातली पाच-सहा चालू होती आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. दुपारी मी जायचो तेव्हा एक घड्याळ चार वाजवायचं, थोड्या वेळानं दुसरं अकरा वाजवायचं, मधेच एखादं नुसतं घरघर करून गप्प व्हायचं. दाराला पातळ हिरवा पडदा होता, त्यातून येणारं ऊनही हिरवट. पहिल्याच दिवशी मला वाटलं की या घरात आपण किती वेळ बसलो ते कुणाला सांगता येणार नाही.

मांजरीचं नाव चाबी. काळी-पांढरी, वयानं पोक्त. हबीबभाईंच्या दुकानातच वाढलेली. थंडीत ते तिला सदऱ्याच्या आत छातीशी धरून, डोळ्याला भिंग लावून काम करायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, ह्यांच्या छातीत काहीतरी गुरगुरतं. ते गेल्यावरही ती रोज दुकानाच्या शटरखालून आत जाऊन बसायची. तिथंच पत्र्याचा तुकडा पुढच्या उजव्या पंजात घुसला, आत राहिला आणि पिकला.

आपांनी मला पायरीवरूनच विचारलं, "डॉक्टरीणबाईचे मामा तुम्हीच का? बसा. भाऊ म्हणू ना?"

"म्हणा की, आपा."

"मग भाऊ, एक ऐका. माझी पोरगी आता फोन करेल. ती तुम्हाला घाबरवेल. घाबरू नका."

फोन खरंच आला. मुलगी नसरीन, लातूरला दिलेली. तिनं सगळं एका दमात सांगितलं. "काका, अम्मीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. दोन वर्षं झाली, मागं लागून राहिले. यंदा कुठं हौ म्हणली. लातूरला एका डोळ्याची तारीख घेतली, आजपासून तेरावा दिवस. आता म्हणते चाबीचा पाय बरा झाल्याबिगर येणार न्हाई. ही तारीख गेली तर रमजानच्या आधी दुसरी न्हाई, आणि मग ऊन लागलं की ती डोळ्याला हात लावू देणार न्हाई. तुम्ही काय बी करा, पण दहा दिवसांत मांजर बरी करा."

उन्हाळ्यात डोळा करू नये ही आमच्याकडची जुनी समजूत. डॉक्टर कितीही सांगोत, बाया ऐकत नाहीत.

फोन ठेवल्यावर आपा म्हणाल्या, "दोन रमजान झाले भाऊ, पोरगी फोनवर कुराण लावून देते, मी ऐकते. पण ऐकण्यात अन् वाचण्यात फरक हाय की न्हाई? यंदा माझ्या डोळ्यानं वाचायचंय. अजून एक वाचायचंय, ते र्‍हाऊ द्या. पण हिला अशी टाकून जाऊ का? आधी तिचा पाय, मग माझा डोळा."

म्हणजे काम एका पंजाचं होतं आणि त्याला टांगलेला होता एक डोळा. मला किनवटची घडी घातलेली पट्टी आठवली.

चाबी तेव्हा गुंगीतून अर्धी बाहेर आली होती. डोळे उघडे, पण बघणं नाही. डोकं उचलायची, कुठं आहोत ते विसरायची, पुन्हा ठेवायची. तिच्या गळ्यात दवाखान्यातली प्लास्टिकची कॉलर होती. टाके चाटू नयेत म्हणून जनावराच्या गळ्यात असं नसराळं घालतात. पण ते फार मोठं होतं. भिंतीला आपटायचं, भांड्यात तोंड जायचं नाही, आणि ती मागच्या पायानं ते ओढून काढायची. यावर आमची जुनी युक्ती आहे. एक्स-रेची फिल्म कापून कॉलर करायची. हलकी असते, वाकते, टोचत नाही.

"आपा, घरात जुना एक्स-रे आहे का?"

"म्हाताऱ्यांच्या घरात दुसरं काय असतं?"

त्यांनी कपाटातून पाकीट काढलं. पलंगावर बसून एकेक फिल्म बाहेर काढली, कडांवरून अंगठा फिरवला, परत ठेवली. असं तीन-चारदा झालं. मग एक फिल्म मांडीवर घेऊन त्या जरा वेळ नुसत्याच बसल्या. मला वाटलं, जाड कुठली ते बघत असतील.

"ही घ्या," म्हणाल्या.

मी फरशीवर पालथी ठेवून कापायला घेतली. कोपऱ्याशी कागदाची लहानशी चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्यावर बारीक उर्दू अक्षरं. ती अगदी कडेला होती म्हणून कात्रीतून वाचली. कापलेली धार गळ्याला लागू नये म्हणून आपांच्या शिलाईच्या डब्यातली सुती पट्टी मी आतून चिकटवली. चाबीच्या गळ्यात कॉलर बेताची बसली. तिनं दोनदा मान झटकली आणि खिडकीखालच्या गोधडीवर जाऊन आडवी झाली.

आपा चहा टाकायला आत गेल्या. तेवढ्यात ऊन खिडकीतून खाली उतरलं आणि त्या फिल्ममधून आरपार गेलं. चाबीच्या तोंडाभोवती बरगड्या उजळल्या. दोन्ही बाजूंना गोल वळलेल्या, एकाखाली एक. मानेच्या डाव्या अंगाला धूसर असा एक गोळा. ती माणसाची छाती होती. मी हळूच पाकीट उघडून बाकीच्या फिल्म खिडकीशी धरल्या. दोन गुडघे, एक मनगट, एक पाऊल. छातीची दुसरी फिल्म नव्हती.

छातीच्या दुखण्यानं गेलेल्या माणसाचा शेवटचा फोटो मी मांजरीच्या गळ्यात घातला होता, आणि त्याच्या बायकोला ते दिसत नव्हतं.

"गप का झालात भाऊ?" आपांनी आतून विचारलं.

"काही नाही. साखर कमी टाका."

सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर त्या पहिल्यांदा कॉलर काढायला लावतील, चाबी टाके चाटेल, जखम उसवेल, तारीख जाईल, असा सगळा हिशेब मी चहा येईपर्यंत करून टाकला. भित्रा माणूस हिशेबाला फार पक्का असतो. तेराव्या दिवसानंतर त्यांना दिसायला लागेल तेव्हा काय, हा हिशेब मी केला नाही.

घरी मांजर सांभाळणं बैलापेक्षा अवघड, कारण बैलाला दावं असतं. शुभांगीनं सांगितलं होतं की दहा दिवस एकाच खोलीत ठेवा, उड्या मारू देऊ नका, औषध वेळेवर, आणि माणसाची कुठलीही गोळी देऊ नका. तापाची साधी गोळीसुद्धा मांजराला विष असते. पट्टी ओली होऊ द्यायची नाही. शी-शू करायच्या पाटीत वाळू नको, खडे जखमेत जातात, कागदाचे कपटे टाका.

या कपट्यांवरून आमची पंचाईत झाली. आपांकडे उर्दू पेपर येतो. तो असल्या कामाला फाडायचा नाही, कुठल्या ओळीत अल्लाचं नाव असेल सांगता येत नाही. तो त्या घडी घालून वेगळा ठेवतात.

मी म्हटलं, "मी आमचा मराठी आणतो."

"तुमच्यात देव नसतात का?"

मी पेपर उघडला तर पहिल्याच पानावर गणपती, चौथ्या पानावर देवीची जत्रा. शेवटी आम्ही दोघांनी मिळून साड्यांच्या सेलची आणि प्लॉटच्या जाहिरातीची पानं निवडली. आपा फाडायच्या, मी निवडायचो. "बघून द्या भाऊ," त्या दर पानाला म्हणायच्या, "प्लॉटवाल्यांनी कोपऱ्यात स्वामी टाकले असतील." त्यांनी दोनदा बरोबर ओळखलं.

चौथ्या दिवशी माझी एक चूक उघडी पडली, आणि ती बैलांच्या ड्रेसरनंच करावी अशी. आदल्या दिवशी मी पट्टी बदलली होती. बैलाची पट्टी अशी बांधायची असते की तो चिखलातून, काट्यातून गेला तरी सुटता कामा नये. एकतीस वर्षं हाताला तेच वळण. डोक्यात विचार भलतेच होते, नजर त्या बरगड्यांवर जात होती, आणि हातांनी आपली सवय केली.

सकाळी आपांचा फोन. "भाऊ, पाय थंड लागून राहिला."

"कुठला?"

"पट्टीचा. मी गालाला लावून बघितला. बाकीचे तीन गरम हायत. बोटं बी फाकल्यासारखी लागतात."

मी चप्पल घालायला थांबलो तेवढाच. रेणापूरला असताना बळीराम नावाच्या शेतकऱ्यानं मला एक गोष्ट शिकवली होती. मी त्याच्या बैलाच्या सुजलेल्या खुराला तळहात लावून म्हटलं, ताप नाही. तो हसला. "डेसरसाहेब, पालथा हात लावा. तळहात कामानं मेलेला असतो, त्याला काय कळतंय?" तेव्हापासून मी प्रत्येक जनावराला पालथा हात लावून बघायचो. आदल्या दिवशी मात्र तेवढं राहून गेलं होतं. आपांचा गाल होता म्हणून निभावलं.

पट्टी सोडली तेव्हा बोटं सुजून वेगळी झाली होती. पंजा एका हातात धरून मी फोन लावला. शुभांगी फोनवर म्हणाली, टाके जागेवर असतील तर घाबरू नका, पट्टी सैल बांधा आणि तासभर बघत बसा. तो तास कुठल्या घड्याळानं मोजावा तेच कळेना. एका घड्याळात पाऊण झाला, दुसऱ्यात काटा हललाच नाही. आपा माझ्याशेजारी फरशीवर बसल्या होत्या आणि दर थोड्या वेळानं वाकून पंजा गालाला लावत होत्या.

"भाऊ, हे असे बसायचे," त्या म्हणाल्या. "लोकांची घड्याळं खोलून. घाई करायचे न्हाईत. प्रत्येक घड्याळाला चिठ्ठी लावायचे, बघा भिंतीवर. तीन ओळी. वर नाव, खाली दुखणं. काच फुटली, पाणी गेलं, काय असेल ते. अन् तिसऱ्या ओळीत, गिऱ्हाइकाला कधी पाहिजे. 'जल्दी', न्हाईतर 'जल्दी नहीं'. जल्दीवाले नेऊन गेले. ही सगळी दुसरी हायत."

मग त्यांनी पुन्हा पंजा गालाला लावला आणि तसाच ठेवला. "आली बघा ऊब," म्हणाल्या. मी पालथा हात लावला. आली होती. मला एकदम रडू फुटलं, साठी उलटलेल्या माणसाला फुटू नये तसं. किनवटची मांजरी, सीताबाई, ती पट्टी, सगळं मी आपांना सांगून टाकलं. फक्त एक्स-रेचं सांगितलं नाही.

आपांनी सगळं ऐकून घेतलं. "ती मांजर तुमची माफी घेऊन गेली असती तर ही तुमच्याकडं आली नसती," त्या म्हणाल्या. मला त्याचा अर्थ अजून पुरता लागलेला नाही, पण बरं वाटलं.

त्यानंतरच्या दुपारी मला नीट वेगळ्या आठवत नाहीत, त्यांची एकच लांब दुपार झाली आहे. मी औषध द्यायचो. चाबीला चादरीत गुंडाळायचं, फक्त तोंड बाहेर, ओठाच्या कडेतून थेंब सोडायचे. मग ती उन्हात आडवी व्हायची. कॉलरची तिला सवय झाली होती, गाल त्यावर टेकूनच झोपायची. झोपेत दुखरा पंजा बारीक हलायचा, कशाच्या तरी मागं धावत असावी. ऊन सरकलं की भिंतीवर त्या बरगड्यांची पुसट चंदेरी सावली पडायची आणि तिच्या श्वासाबरोबर वरखाली व्हायची. मला वाटायचं, भिंतच श्वास घेते आहे. आपा खाटेवर पेंगायच्या. कुठलं तरी घड्याळ नऊ वाजवायचं. मीही खुर्चीत डुलकी घ्यायचो, आणि डुलकीत किनवटकडच्या सहस्रकुंड धबधब्याचं पाणी ऐकू यायचं, सागाची मोठी पानं पडताना दिसायची, आणि खोड्यात बैलाऐवजी घड्याळं उभी असायची. जागा झालो की चहा समोर असायचा. नोकरीत मला अशी दुपार कधी मिळाली नव्हती. काम चालू असतानाच विसावा मिळतो, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

दहाव्या दिवशी शुभांगी घरी आली. तिनं पंजा दाबून बघितला, टाके काढले आणि चाबीला खाली सोडलं. चाबीनं पंजा जमिनीला टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला आणि सरळ दाराकडं चालत गेली.

"चालती हाय का?" आपांनी विचारलं.

"चालते आपा. लंगडत पण नाही."

"मग पोरीला फोन लावा."

त्या गडबडीत मी कॉलर माझ्या पिशवीत टाकली. आपा चार दिवस लातूरला गेल्या. मी रोज जाऊन चाबीला खायला घालत होतो आणि घरी येऊन कपाटातली कॉलर बघत होतो. फिल्म सरळ करून जोडता येईल का, हेही बघितलं. जोडता आली नाही. कापलेलं शिवता येतं ते जनावराचं.

आपा परत आल्या त्या दुपारी मी गेलो. डोळ्यावर मोठा काळा चष्मा, मांडीवर चाबी. नसरीन आत भाकरी करत होती. आपांनी चष्मा वर करून मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"या अल्ला. आवाजावरून मी तुम्हाला चांगले उंच समजत होते."

"आता काय करता, आपा."

"बसा. अन् ती चाबीची कॉलर कुठं हाय? मी आल्यापासून शोधून राहिले."

मी पिशवीतून कॉलर काढून त्यांच्यापुढं ठेवली आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. मी न बघता कापली, मग उन्हात दिसलं, मग पाकिटात शोधलं, दुसरी नव्हती, आणि सांगायची हिंमत झाली नाही.

आपांनी चष्मा परत डोळ्यावर घेतला.

"भाऊ," मग म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटलं, मला माहीत नव्हतं? कोपऱ्याला चिठ्ठी लागते ना अंगठ्याला. मीच दिली. थंडीत ती त्यांच्या छातीशीच झोपायची. ते गेले तशी माझ्याजवळ येतच नव्हती, दुकानात जाऊन बसायची. एवढी आजारी पडल्यावर मी काय देऊ तिला? त्यांची छाती होती घरात, ती दिली."

नसरीन भाकरी थापायची थांबून दारात आली.

आपांनी कॉलर उचलली आणि कोपरा चष्म्याशी नेला. "आता ही चिठ्ठी. एक्स-रे काढून आणला त्या दिवशी बसून लिहिली अन् चिकटवली. मी विचारलं, काय लिहिलं? म्हणाले, डोळा करून घे अन् तूच वाच. मग ते गेले. ही म्हणायची, अम्मी, मी वाचून दाखवते. मी हात लावू दिला न्हाई. ऐकायची नव्हती मला."

त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. खिडकीकडं वळल्या, चिठ्ठी उजेडात धरली. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग एकदम हसल्या, खो खो हसल्या, चाबी दचकून मांडीवरून उतरली.

"काय आहे आपा?"

त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

"हबीब. चाल धीमी. जल्दी नहीं."

हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. नसरीन घाईनं पुढं आली. "अम्मी, डोळ्याला पाणी लागू द्यायचं न्हाई म्हणले डॉक्टर!"

"मी लावून राहिले का?" आपा म्हणाल्या. "ते आपलंच येऊन राहिलंय."

मी पिशवी उघडली. कापूस होता, दवाखान्यातला, सीलबंद. हात धुतले, आपांची मान जरा मागं टेकवली आणि डोळ्याला धक्का न लावता गालावरून वाहणारं पाणी टिपायला लागलो. टिपलं की परत येत होतं. मी नवा बोळा घेतला.